बाटलीला स्विच नसतो!

सध्या हॉस्टेलमध्ये माशांच्या टाक्यांचं पीक आलंय. आणि टाकी आली की तिच्यामागे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, आत साखर-यीस्टचं पाणी आणि झाकणातून निघालेली सलाईनची नळी हे ओघानं आलंच! काही सर म्हणतात, हे आंबवण्याचे उद्योग बंद करा. मला विचाराल तर बंदीची गरज नाही. पण आपण ज्या पद्धतीनं हे करतोय ते इंजिनिअरला शोभत नाही, हेही तितकंच खरं.

आधी बाटलीची बाजू घेते. पाण्यातल्या झाडांना प्रकाशसंश्लेषणासाठी (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द एका दमात म्हणता येत नाही, सांभाळून घ्या!) कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेतून पाण्यात जो विरघळतो तो लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. शिवाय हवेपेक्षा पाण्यात तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे नुसती ट्यूब वाढवली तर झाडं उपाशीच राहतात आणि शेवाळाची मात्र चंगळ होते. जपानच्या ताकाशी आमानो (१९५४-२०१५) यांनी ज्या हिरव्यागार टाक्या जगाला दाखवल्या, त्यांना हा गॅस बाहेरून दिलेला असे. सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या पॉकेटमनीत बसत नाही, साखर बसते. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ५० लिटरच्या वर गॅस मिळतो. दोन-तीन आठवडे काम भागतं. मग अल्कोहोल वाढतं आणि यीस्ट संपतं. स्वस्त आणि मस्त!

पण कंट्रोल सिस्टीम्स शिकलेल्यांनीच सांगावं, ज्या सिस्टीमला ना फीडबॅक ना ऑफचा स्विच, तिच्यावर तुम्ही कुणाचा जीव सोपवाल का? रात्री ट्यूब बंद झाली की झाडं गॅस घ्यायची थांबतात. उलट माशांबरोबर तीही ऑक्सिजन खायला लागतात. यीस्ट मात्र सबमिशनच्या आदल्या दिवसासारखं नाईट मारतच असतं! आणि लाईट गेली तर विचारूच नका. ट्यूब बंद, एअर पंप बंद, चालू काय तर फक्त बाटली. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात आणि आपण म्हणतो, "पाणी खराब झालं असेल."

दुसरी गोष्ट प्रेशरची. नळीत गाळ अडकला तर तो ५० लिटर गॅस जाणार कुठे? बाटली फाटते, आणि आंबलेला पाक रूममेटच्या गादीवर! काचेची बाटली तर चुकूनही वापरू नये.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, आपल्याला बाटली खरंच हवी आहे का ते बघा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन ही झाडं कमी उजेडात बाहेरच्या गॅसशिवाय मजेत वाढतात. शाळेत उलट्या परीक्षानळीखाली ठेवायचो तो आपला हायड्रिला तर पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतो. (बाई त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायच्या, तो याचसाठी.) ट्यूब सहा-सात तासच ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

तरीही बाटली लावायचीच असेल तर मोजून लावा. टाकीत लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम गॅस पुरे, त्यापुढे माशांना त्रास होतो. ते कळायला ड्रॉप चेकर पुरतो. एका छोट्या काचेच्या वाटीत ४ डिग्री केएचचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब घालायचे. रंग निळा तर गॅस कमी, हिरवा तर बरोबर, पिवळा तर धोका. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, म्हणून बाटली सकाळी लावा, रात्री झोपताना नाही. मध्ये गाळ अडवणारी दुसरी बाटली हवी, टाकीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह हवा. रात्री नळी टाकीबाहेर काढून ठेवायची, पण तिचं तोंड बांधायचं नाही! आणि पीएल किंवा सुट्टीत घरी जाताना बाटली आधी उतरवायची. "मेसवाले काका बघतील" हे उत्तर चालणार नाही. त्यांना आपली दोनशे ताटं आहेत.

सरांना एवढंच सांगणं आहे की, टाक्या जप्त करू नका, आमची व्हायवा घ्या. टाकी किती लिटरची, पाण्याचा केएच किती, रात्रीची सोय काय? ज्याला सांगता येणार नाही त्याची बाटली खुशाल काढा. आणि केमिस्ट्री लॅबमधून थोडं ब्रोमोथायमॉल ब्लू मिळालं तर फारच बरं होईल!

प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं तर आपला एक मार्क जातो. इथे मासा जातो. बघा पटतंय का.