मक्तेदारीचे वय

‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा बंदुकीच्या लढाईचा अमेरिकन व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००३ मध्ये बाजारात आला. २००५ पासून दरवर्षी नवा भाग काढण्याचा परिपाठ त्याने ठेवला आणि अमेरिकेच्या बाजारात वर्षानुवर्षे आघाडी राखली. हे वर्चस्व यापुढे टिकेल काय, असा प्रश्न आता विचारला जात आहे. प्रश्न खेळाचा असला तरी त्याचे उत्तर तो खेळ घडविणाऱ्यांच्या श्रमाशी निगडित आहे.

या मालिकेला खरी कीर्ती मिळाली ती २००७ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मुळे. तो घडविणाऱ्या ‘इन्फिनिटी वॉर्ड’चे प्रमुख जेसन वेस्ट व व्हिन्स झॅम्पेला यांना ‘ॲक्टिव्हिजन’ या मालक कंपनीने मार्च २०१० मध्ये कामावरून दूर केले. त्यांच्या पाठोपाठ अनेक सहकारीही बाहेर पडले. नाव, हक्क आणि तिजोरी मालकाकडे राहिली. कसब दाराबाहेर गेले.

पुढे वार्षिक उत्पादनाचा हा रहाट फिरता ठेवण्यासाठी अनेक स्टुडिओ पाळीपाळीने जुंपण्यात आले. त्यांपैकी ‘रेव्हन सॉफ्टवेअर’मध्ये खेळातील दोष हुडकणाऱ्या कामगारांनी डिसेंबर २०२१ मध्ये सहकाऱ्यांच्या कपातीविरुद्ध काम बंद केले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी आपली संघटना उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ही कंपनीच विकत घेतली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत खेळविभागातील १,९०० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली. इतका पैसा खरेदीस मिळतो आणि पगारास मिळत नाही, यातच या व्यवस्थेची रीत दिसते.

ग्राहक स्वखुशीने पैसे देतात, मग तक्रार कशाची, असे कोणी म्हणेल. २०२४ मध्ये ‘ब्लॅक ऑप्स ६’ची विक्री मोठी झाली, हे खरेच आहे. पण सवयीने केलेली खरेदी म्हणजे निष्ठा नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘बॅटलफील्ड ६’ या प्रतिस्पर्धी खेळाच्या ७० लाख प्रती तीन दिवसांत खपल्या. त्या मालिकेची सूत्रे २०२१ पासून सोपविण्यात आली होती ती १५ वर्षांपूर्वी हाकलल्या गेलेल्या झॅम्पेला यांच्याकडेच! डिसेंबर २०२५ मध्ये ‘ॲक्टिव्हिजन’ला जाहीर करावे लागले, की ‘मॉडर्न वॉरफेअर’ किंवा ‘ब्लॅक ऑप्स’ यांचे भाग यापुढे लागोपाठच्या वर्षी काढले जाणार नाहीत. घाईने केलेल्या पुनरावृत्तीला लोक विटतात, याची ही कबुलीच होय.

तथापि प्रतिस्पर्ध्याच्या विजयाने हुरळून जाण्याचेही कारण नाही. त्याची मालक असलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ला ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा समावेश असलेल्या गटाने सप्टेंबर २०२५ मध्ये केला. एका मक्तेदाराची जागा दुसऱ्याने घेतली, तर दोष हुडकणाऱ्या कामगाराच्या पदरात काय पडणार?

ही मालिका आणखी काही वर्षे पहिल्या रांगेत राहील, कारण तिच्यामागे प्रचंड भांडवल आहे. परंतु निर्विवाद वर्चस्वाचे दिवस सरत आले आहेत. ते खरोखर टिकवायचे असेल, तर कारागिरांना स्थिर नोकरी, पुरेसा अवधी व संघटनेचा हक्क द्यावा लागेल. जे मालक हे देणार नाहीत, त्यांचे कसबी लोक उद्या पुन्हा समोरच्या गोटात दिसतील.