चेन्स ट्रंकमध्ये आहेत, पण लावता येतात का?

नाताळची सुट्टी जवळ आली की मंडळात एकच विचारणा सुरू होते, "यंदा टाहोला कोण कोण?" त्यातच भारतातून आई-बाबा आलेले असतात. त्यांना आयुष्यात एकदा बर्फ दाखवावा, नातवंडांबरोबर फोटो काढावा, ही आपल्या सर्वांचीच हौस. हौसेला आमचा विरोध नाही. पण तिच्यासाठी आपण गाडीची जी तयारी करतो ती पुरेशी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आमचीच फजिती सांगतो. गेल्या हिवाळ्यात आय-८० वर चेन कंट्रोलला गाडी थांबवली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. चेन्स ट्रंकमध्ये होत्या, अगदी कोऱ्या, डब्यासकट. सगळे सामान बर्फात उतरवले, गुडघे टेकून पाऊण तास खटपट केली, तेव्हा कळले की त्या आमच्या टायरच्या मापाच्याच नाहीत. जुन्या गाडीसाठी घेतल्या होत्या! मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, "झालं का रे?" अंधार पडू लागला, मुले रडकुंडीला आली आणि आम्ही निमूटपणे परत फिरलो. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

सॅक्रामेंटोच्या सपाटीवरून शंभर मैलांच्या आत हा रस्ता डॉनर समिटला ७,२०० फुटांच्या वर चढतो. खाली पाऊस, वर बर्फ. अशा वेळी कॅलट्रान्स तीन पायऱ्यांचे नियम लावते. आर-१ मध्ये साध्या मोटारीला चालकचाकांवर स्नो टायर असतील तर चेन्स न लावता जाता येते. आर-२ मध्ये चारही चाकांवर स्नो टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्हलाच सूट. आर-३ मध्ये कोणालाच सूट नाही. बहुधा त्याआधीच रस्ता बंद करतात. सूट असली तरी चेन्स जवळ बाळगाव्याच लागतात.

"आमची फोर-व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला काय भीती?" असे म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी चढते चांगली, पण थांबत नाही चांगली. ब्रेक सर्वच गाड्यांना चार चाकांवर असतात. उतारावर थांबवतो तो टायर.

टायरचे रबर थंडीत तुपासारखे थिजत नसले तरी ताठरते, हे आम्ही रसायनशास्त्राचे म्हणून सांगतो. साधारण ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली उन्हाळी टायरची पकड कमी होऊ लागते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचिक राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरतात. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने त्यासाठी खर्च करावा असे आम्ही म्हणत नाही. एम+एस छाप असलेले, खोल नक्षीचे ऑल-सीझन टायर आणि बरोबर मापाच्या चेन्स त्याला पुरतात. दर पंधरवड्याला स्कीइंगला जाणाऱ्यांनी मात्र हिवाळी टायर घ्यावेत, आणि घ्यावेत तर चारही. दोनच बसवले तर वळणावर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते. हवाही तपासावी, तापमान १० अंश फॅरनहाइट उतरले की टायरचा दाब सुमारे १ पौंडाने उतरतो.

चेन्स घेताना टायरच्या कडेवरचा आकडा, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६, डब्यावरच्या यादीशी ताडून पाहावा. काही गाड्यांत चाकाभोवती जागा कमी असते, म्हणून गाडीचे पुस्तकही पाहावे. फ्रंट-व्हील ड्राइव्हला चेन्स पुढच्या चाकांना लावतात, मागच्या नव्हे. लावल्यावर थोडे अंतर जाऊन पुन्हा आवळाव्यात आणि ताशी २५-३० मैलांच्या वर जाऊ नये. बर्फात अडकून पडलात तर इंजिन चालू ठेवण्यापूर्वी एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ आधी काढा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला ना रंग ना वास.

हे सारे कागदावर सोपे आहे. काळोखात, गारठलेल्या बोटांनी, मागून ट्रक जात असताना सोपे नाही. म्हणून आमची सूचना अशी की हिवाळी सहलीपूर्वीच्या शनिवारी मंडळाने पार्किंग लॉटमध्ये तासभराचा सराव ठेवावा. घरातल्या दोघांनीही चेन्स एकदा लावून काढून दाखवाव्यात; हे काम फक्त पुरुषांचे नाही. ज्यांनी सराव केला नाही त्यांनी दुसऱ्याच्या गाडीतून यावे.

"सहलीला यायचे की परीक्षेला?" असे कोणी विचारील. आम्ही म्हणू, परीक्षा रस्त्यावर व्हायचीच आहे. मागच्या सीटवर आई-बाबा आणि मुले बसलेली असतात. ती देण्यापूर्वी एकदा घरी पेपर सोडवायला काय हरकत आहे?