विमानाचा गेम आणि वाङ्मयातला शेतकरी

मराठी समीक्षेने खेळाची दखल घेतली ती बहुतांशी प्रतिमा म्हणून. सारीपाट किंवा सागरगोटे कवितेत आले की त्यांचा अर्थ आपण हौसेने लावतो. प्रत्यक्ष खेळला जाणारा खेळ मात्र समाजशास्त्राच्या स्वाधीन करून मोकळे होतो. मोबाईलवरच्या खेळाचे तर नावच नको. आम्हांला येथे अशाच एका विस्मृत खेळाविषयी बोलायचे आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या वाङ्मयातल्या वऱ्हाडी शेतकऱ्याविषयी.

नोकियाच्या ३३१० या फोनमध्ये २००० साली ‘स्पेस इम्पॅक्ट’ नावाचा खेळ आला. २००३ साली आलेल्या ११०० या फोनमध्ये त्याची ‘स्पेस इम्पॅक्ट प्लस’ ही आवृत्ती होती. त्याच फोनांतला ‘स्नेक’ आजही सर्वांना आठवतो. १९९७ साली तो नोकियासाठी रचणाऱ्या तानेली आर्मांतोचे नावही नोंदले गेले आहे. ‘स्पेस इम्पॅक्ट’च्या वाट्याला ती कीर्ती आली नाही. खेळणाऱ्यांच्या तोंडी एक सापाचा गेम होता आणि दुसरा विमानाचा, एवढेच.

बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णा धरण आहे. परंतु धरण तालुक्यात असले म्हणून पाणी आपोआप वावरात येत नाही. विहिरीवरच्या मोटरला वीज लागते. २००५च्या आसपास भारनियमन ऐन भरात असताना शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येई. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलितासाठी माणसे विहिरीपाशी बसून राहत. रानडुकरांच्या भयाने जागल करणारे वेगळेच. ११००ला टॉर्च होता, म्हणून तो फोन या रात्रींत फार उपयोगी पडला. टॉर्चसाठी घेतलेल्या त्या फोनात विमान आयतेच आले होते.

या खेळाची घराणी जुनी आहेत. कोनामीचे ‘स्क्रॅम्बल’ (१९८१) व ‘ग्रॅडियस’ (१९८५), आयरेमचे ‘आर-टाइप’ (१९८७) हे त्याचे पूर्वज. या सर्वांचा एक नियम समान आहे : अवकाश उजवीकडून डावीकडे सरकत राहते आणि ते थांबवणे खेळणाऱ्याच्या हाती नसते. विमान वर जाईल, खाली जाईल, थोडे पुढेमागे होईल. गेलेला प्रदेश मात्र परत येणार नाही. ३३१०च्या पडद्यावर हे सारे ८४ गुणिले ४८ ठिपक्यांत, म्हणजे जेमतेम चार हजार ठिपक्यांत, घडे.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आपली लिपीही डावीकडून उजवीकडे जाते. परंतु वाचक मजकुराकडे जातो, हवे तेथे रेंगाळतो, मागचे पान उलटतो. या खेळात मजकूरच वाचकावर चालून येतो. वाचकाला असलेले थांबण्याचे स्वातंत्र्य येथे नाही. आहे ते केवळ प्रतिसादाचे स्वातंत्र्य. योहान हाउझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण मानले. विहिरीपाशी बसलेल्या माणसाने ती रात्र स्वेच्छेने निवडलेली नव्हती. वीज केव्हा येईल हे त्याच्या हाती नव्हते, कापसाचा भावही नव्हता. त्या लादलेल्या वेळात त्याने एक गोष्ट स्वतः निवडली, आणि तीही अशी की जिच्यात वेग दुसऱ्याचा असला तरी हुकलेला नेम निःसंशय आपला असतो. पीक बुडाले तर दोष कुणाचा, याचा निवाडा कधी होत नाही. खेळात तो तत्काळ होतो, आणि बटण दाबले की पुन्हा पहिल्यापासून.

हे पलायन नव्हे काय, असे कुणी विचारील. आमच्या मते नव्हे. पळणारा माणूस मोटरचा आवाज ऐकायला जागा राहत नाही. हा माणूस एक कान विहिरीकडे ठेवूनच खेळत होता.

मुद्दा इतकाच की उद्धव शेळके यांच्या ‘धग’पासून (१९६०) सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’पर्यंत (२००२) वऱ्हाडच्या कादंबरीने दुःखाचा फार मोठा ऐवज मराठीला दिला. त्या दुःखाचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. जुलै २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भासाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्या सहा जिल्ह्यांत अकोला होताच. परंतु पॅकेज, बातमी आणि आपली समीक्षा या तिघांनी मिळून शेतकऱ्याला केवळ दुःखाचा धनी करून टाकले. ज्याला खेळता येते, कंटाळा येतो, आपला उच्चांक शेजाऱ्याला दाखवावासा वाटतो, असा माणूस त्या चित्रातून गळाला. आणि ज्याच्यापाशी दुःखाखेरीज काही नाही, त्याच्याविषयी कणव वाटते, बरोबरी वाटत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या लाखभर ओव्या संग्रहित झाल्या. दळण करता करता बायका काय गातात, हे वाङ्मय आहे असे त्यांनी मानले म्हणून ते झाले. ओवी आणि मोबाईलचा खेळ यांची बरोबरी आम्ही करीत नाही. ओवी रचावी लागते, खेळ विकत मिळतो. तरी श्रमाच्या रात्री माणसांनी कशाने काढल्या, ही जिज्ञासा दोन्हीकडे एकच आहे. ते फोन आता भंगारात गेले. ते खेळलेली माणसे मात्र अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. अकोला-अमरावतीच्या मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि या वेळी कर्जाचा आकडा विचारण्याआधी उच्चांक विचारावा.