भरतीच्या तोंडावरच नडगी का दुखते, ताप का येतो?

परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुलं-मुली नेहमी दिसतात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला पोलीस. लष्कराच्या भरतीत 1.6 किलोमीटर धावावं लागतं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. काही सेकंद जास्त लागले तरी गुण कापले जातात. त्यामुळे भरतीची जाहिरात आली की सराव एकदम दुप्पट होतो. मग तीन-चार आठवड्यांत कुणाची नडगी ठणकू लागते, तर कुणी ऐन चाचणीच्या आधी तापाने आडवा होतो. याला नशीब म्हटलं जातं, पण कारणं वेगळी आहेत.

हाडाला चीर का पडते?

हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग काढतं, मग नवा भरतं. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात हाड कमजोर असतं. तेव्हाच भार वाढत गेला तर बारीक चिरा पडतात. यालाच 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. सैनिकांना हा त्रास जुनाच आहे. प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्रायटहाउप्ट यांनी 1855 मध्येच लांब चाली करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली होती.

झोपेचा काय संबंध?

अकॅडमीची फी, घरच्यांच्या अपेक्षा, हातातून निसटणारी वयोमर्यादा. हा ताण सतत राहिला की कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि रोगप्रतिकारक पेशींचं काम मंदावतं. त्यात रात्री उशिरापर्यंत लेखी परीक्षेचा अभ्यास आणि पहाटे धावणं, म्हणजे झोप कापली जाते. अमेरिकेतल्या 2015 च्या एका अभ्यासात लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. 7 तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत 6 तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. इस्रायलच्या लष्करात नव्या जवानांना किमान 6 तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर 60 टक्क्यांहून जास्त घटले.

आणि जेवण?

सराव वाढला आणि जेवण तेवढंच राहिलं, तर शरीर हाडं आणि प्रतिकारशक्तीवरचा खर्च कमी करतं. मुलींची पाळी चुकू लागणं ही त्याची मोठी खूण आहे. उपाय महागड्या पावडरमध्येच आहे असं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये आणलेल्या 'परभणी शक्ती' या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी असली तर उत्तमच.

मग काय करावं?

- सराव जाहिरातीआधी सुरू करा आणि हळूहळू वाढवा.
- आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.
- रोज किमान 7 तास झोपा.
- अंगात ताप असताना धावू नका.
- नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो.
- वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. गोळीने दुखणं दबतं, चीर वाढतच राहते.

चार दिवस थांबल्याने भरती हुकत नाही. चिरलेल्या हाडावर धावलं तर मात्र पूर्ण वर्ष वाया जाऊ शकतं.