चॉकलेटच्या पायानं आमचा गूळ उघडा पाडला

आजची नोंद रानातली नाही, स्वयंपाकघरातली आहे. पण शेवटी ती रानातच येऊन थांबते, म्हणून लिहितोय.

थोरली पोरगी पुण्याहून चार दिवस आली होती. ती तिकडं घरी केकच्या ऑर्डरी घेते. म्हणाली, "पप्पा, ह्या वेळेला मी चॉकलेट पाय करणार, आपला कोल्हापुरी गूळ घालून." आमच्या आईनं ऐकलं आणि विचारलं, "कुणाचा पाय म्हणं?" दिवसभर त्यावर हसणं चाललं होतं. तर पाय म्हणजे खाली खुसखुशीत कडेची थाळी आणि तिच्यात भरलेलं सारण. आपली करंजी उघडी ठेवून भट्टीत भाजली तर जसं होईल, तसंच काहीसं.

तिनं दोन वाट्या गव्हाचं पीठ आणि एक वाटी नाचणीचं पीठ घेतलं. नुसत्या नाचणीला चिकटपणा नसतो, कडा ढासळतात, म्हणून गहू पाहिजेच. त्यात गार लोणी चोळलं, थोडं गार पाणी घालून गोळा केला आणि लाटून डब्यात बसवला. काट्या-चमच्यानं भोकं पाडली, वर कागद टाकून मूठ-मूठ राजमा पसरला, म्हणजे बूड फुगत नाही. १८० डिग्रीवर वीसेक मिनिटं, मग राजमा काढून परत थोडा वेळ. मध्येच लाईट गेली, ती अर्ध्या तासानं आली. आमच्याकडं ओव्हनलापण मोटारीसारखीच वाट बघावी लागते.

सारणात खाली गुळाच्या पाकात भाजलेले शेंगदाणे, म्हणजे मऊ चिक्कीच म्हणा. वर काळं चॉकलेट आणि साय. थंड झाल्यावर सुरीनं तुकडे.

आता खरी गोष्ट. गूळ आणायला तिनं मला सांगितलं. मी व्यापाऱ्याकडं जाणाऱ्या मालातली एक किलोची ढेप आणली. पिवळीधमक, बघतच राहावी अशी. पाय झाला, दिसायला झकास. सगळ्यांनी खाल्ला, चांगला म्हणाले. पोरगी मात्र गप्प. दुसरा घास घेऊन म्हणाली, "पप्पा, ह्यात गूळ कुठं आहे? साखर घातली असती तरी असाच लागला असता."

आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि कोठीतल्या डब्यातला घरचा गूळ घेऊन आल्या. काळपट तांबडा, बोटानं दाबला तर दबणारा. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय झाला. तोंडात घातल्याबरोबर चुलवाणाजवळ उभं राहिल्यासारखं वाटलं. चॉकलेटचा कडूपणा आणि गुळाचा खमंगपणा दोन्ही कळत होते, एकानं दुसऱ्याला दाबलं नव्हतं. आईनं दोन तुकडे खाल्ले आणि परत पायाची चेष्टा केली नाही.

पोरीनं विचारलं, "हा गूळ आपल्याकडं आहे, तर लोकांना का देत नाही?"

मंडळी, ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण पोरीपुढं सांगायचं धाडस होत नव्हतं. आज इथं सांगतो.

गुऱ्हाळावर घरच्यासाठी एक आधण वेगळं काढायची आमच्यात रीत आहे. त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी काढायची, बेताचा चुना, बस्स. बाजाराच्या आधणात मात्र पिवळा रंग यावा म्हणून हायड्रॉसची पूड पडते. आणि साखर स्वस्त असेल तेव्हा काहिलीत साखरेची पोतीपण पडतात. वजन वाढतं, ढेप टणक होते, रंग खुलतो. मीपण केलंय. सगळेच करतात म्हणून मी केलं, हे काही कारण होत नाही.

आमची बाजू पण ऐका. काळपट गूळ घेऊन गेलो तर व्यापारी बोट लावून म्हणतो, "माल डागी आहे," आणि भाव पाडतो. त्याला दोष देऊन भागत नाही, पुढचं गिऱ्हाईक पिवळाच मागतं. टनाला शंभर-एकशेवीस किलो गूळ पडतो. त्यात तोडणी, चुलवाणाचं जळण, गुळव्याची मजुरी गेली की हातात काय राहतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कित्येक गुऱ्हाळं ह्याच हिशेबात बंद पडली.

पण दुसरी गोष्टपण खरी आहे. गूळ खराब होण्याची सुरुवात काहिलीत होत नाही, रानात होते. युरिया ओतून ऊस नुसता वाढवला, चोपण जमिनीत लावला, कोवळा तोडला की रस खारट आणि गूळ काळा होतो, मग झाकायला पूड लागते. पक्का झालेला, बेताच्या खताचा ऊस असेल तर गुळाला आपसूक सोनेरी-तांबूस रंग येतो. आणि पुडीनं आणलेला पिवळेपणा काही आठवड्यांत परत काळवंडतोच. म्हणजे फसवणूकपण टिकाऊ नाही.

चॉकलेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, कोको इतके टक्के. कोकोची झाडं आपल्या जिल्ह्यात दिसत नाहीत, केरळ-आंध्रात नारळाच्या सावलीत वाढतात. तरी त्यांच्या मालाचा हिशेब पाकिटावर आहे. आपल्या ढेपेवर काय असतं? नाव. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकन मिळालं, आपण फेटे उडवले. पण नावाच्या आत साखर भरली तर ते मानांकन कुणाला मिळालं, गुळाला का साखरेला?

कुणी म्हणेल, शहरातल्या चार पायांसाठी आम्ही धंदा बदलायचा का? हिशेब मीपण केलाय. एका पायाला दीडशे ग्रॅम गूळ. तीस किलोचा एक रवा संपायला दोनशे पाय लागतील. पायावर शेतकरी उभा राहत नाही, हे मला कळतं. "प्रक्रिया उद्योग करा, श्रीमंत व्हा" असं सांगणाऱ्यांतला मी नाही. पण त्या पायानं माझ्या मालाची परीक्षा घेतली आणि माझा बाजारचा गूळ नापास झाला. पुरणपोळीत, चहात पण तो नापासच होत असणार, तिथं कुणी तोंडावर सांगत नव्हतं एवढंच.

माझं मत सरळ आहे. जो गूळ आपल्या पोरांच्या ताटात वाढायला चालतो, तोच बाजारात जायला पाहिजे. एका दमात जमणार नाही, माझ्यावर पण सोसायटीचं कर्ज आहे. येत्या हंगामात माझ्या उसातला पाव भाग मी बिनपुडीचा, बिनसाखरेचा करणार आहे. भाव कमी आला तरी तो पाव भाग तसाच ठेवणार.

आणि शहरातल्या मंडळींना एक विनंती. दुकानात पिवळाधमक गूळ बघून खूश होऊ नका. तांबडा, काळपट मागा. तुम्ही मागितला तरच व्यापारी बोट लावून नाक मुरडणं थांबवेल.

पोरगी जाताना घरच्या गुळाचा डबा घेऊन गेली. सौ. म्हणाल्या, आता आपल्याला हंगामापर्यंत पुरायचा नाही. म्हणजे यंदा घरात आपलाच बाजारचा गूळ खायची पाळी माझ्यावर आली आहे. बरं झालं म्हणतो.