थांबायचे, तर कोणाच्या भरवशावर?

जिभेच्या कडेला कर्करोगाची दीड-दोन सेंटिमीटरची गाठ आहे. मानेला हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ. गाठ काढायची हे ठरलेलेच. पण त्याच भुलीत मानेतील लसिका ग्रंथीही काढायच्या, की नोड दिसेपर्यंत थांबायचे? या प्रश्नावर शल्यचिकित्सकांत अनेक दशके दोन तट होते आणि दोन्हीकडे युक्तिवादापेक्षा गुरूंचे दाखलेच जास्त. टाटा स्मारक रुग्णालयाने १९८९मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी अवघ्या ७० रुग्णांची होती. तेवढ्यावर वाद मिटणार नव्हता.

तो बराचसा मिटवला त्याच रुग्णालयाने, २०१५ साली. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यातील ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. आठ जणांची मान आधी केली की एक मृत्यू टळतो. याची दुसरी बाजूही त्याच शोधनिबंधात आहे. आधी काढलेल्या ग्रंथींत आजार सापडला तो सुमारे ३० टक्के रुग्णांत. म्हणजे दहांतील सात जणांना ती शस्त्रक्रिया नसती तरी चालले असते. फक्त ते सात कोण, हे आधी सांगता येत नव्हते. तीन मिलिमीटरपेक्षा उथळ गाठींत फायदा स्पष्ट दिसला नाही, हेही विसरू नये.

आमच्या मते या चाचणीतला सर्वांत बोलका भाग टक्केवारीत नाही, फॉलोअपच्या वेळापत्रकात आहे. थांबलेल्या रुग्णांना पहिले सहा महिने दर चार आठवड्यांनी तपासले जात होते. इतकी निगराणी असूनही मानेत आजार परतला तो अनेकदा पुढच्या टप्प्यात, ग्रंथीचे आवरण फोडून.

आता हे वेळापत्रक निसरपुरला लावून पाहा. धार जिल्ह्यातल्या कुक्षी तहसिलीतले हे नर्मदेच्या खोऱ्यातले बाजाराचे गाव. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि बॅकवॉटरने जुन्या गावाचा मोठा भाग गिळला. कुटुंबे पुनर्वसन वसाहतींत गेली. केसपेपरवरचा पत्ता पाण्याखाली गेला, तर रुग्णाला बोलावणार कुठून? शेतमजूर दर चार आठवड्यांनी रोज बुडवून बसने इंदूरला येईल, असे गृहीत धरणारा सल्ला कागदावर निर्दोष असतो. या भागात थांबण्याचा निर्णय घेणाऱ्याने आधी रस्ता, मजुरी आणि सोबत येणारे माणूस यांची चौकशी करावी, आणि ती केसपेपरवर लिहून ठेवावी. ‘रुग्ण परत येऊ शकत नाही’ हे ग्रंथी काढण्याचे वैद्यकीय कारण आहे. ते संकोचाने लपवण्यासारखे नाही.

धार, देवास, इंदूरच्या आमच्या अनेक वाचकांकडे स्वतःच्या केसेसच्या नोंदी आहेत. अधूनमधून त्यांवरचे लेख छपाईसाठी येतात आणि त्यात ‘नव्वद टक्के रुग्ण ठीक’ असे वाक्य हमखास असते. विचारल्यावर कळते की ठीक म्हणजे जे परत आले ते. जे आले नाहीत त्यांना भाजकातूनच वगळलेले. परत न येणाऱ्यांत मेलेले अधिक असण्याची शक्यता मोठी, म्हणून हा आकडा घेतलेल्या निर्णयाची बाजू घेऊन बोलतो. यापुढे फॉलोअप तुटलेल्यांची संख्या स्वतंत्र दिल्याशिवाय असा लेख आम्ही घेणार नाही. भरतीच्या दिवशीच नातेवाइकाचा दुसरा नंबर, वसाहतीचे नाव आणि गावातल्या आशाताईंचा संपर्क घेतला, तर हे काम अवघड नाही. सहा महिन्यांनी शोधायला निघालात तर आहे.

ज्या दहांतील सात जणांना शस्त्रक्रियेची गरज नव्हती, त्यांची मान वाचवण्याचा मार्ग म्हणून सेंटिनल नोड बायोप्सीकडे पाहिले जाते. पहिली पहारेकरी ग्रंथी तपासायची आणि तीत आजार असेल तरच पुढे जायचे. फ्रान्समधल्या २०२०च्या चाचणीत ही पद्धत सर्रास ग्रंथी काढण्याच्या तोडीस उतरली. पण तिला किरणोत्सारी द्रव्य, गॅमा प्रोब आणि ग्रंथीचे बारीक काप तपासणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. कुक्षी-बडवानीच्या रुग्णासाठी ही सोय जवळात जवळ कुठे आहे आणि तिथवर पोहोचायला किती दिवस जातात, हे वाचकांनी आम्हाला लिहून कळवावे. पुढच्या अंकात छापू.