शीतक म्हणजे फक्त पाणी?



मागच्या आठवड्यात बोळिंजच्या माझ्या पाचवीच्या वर्गात ऊर्जेची साधनं शिकवत होते. आपल्याच पालघर जिल्ह्यातलं तारापूर, तिथे १९६९ पासून वीज तयार होते, अणुभट्टी पाण्याने थंड ठेवतात, हे सांगून झालं. मग हौसेने सूर्यासारखी ऊर्जा देणाऱ्या संलयन भट्टीवर गेले. फ्रान्समध्ये 'इटर' नावाची भट्टी उभी राहतेय, भारतही त्यात भागीदार आहे, आत तापमान १५ कोटी अंश! एका मुलीने विचारलं, "बाई, तिलापण पाणीच लागणार ना?" मी म्हटलं, "हो, शीतक म्हणजे पाणी," आणि पुढचं पान उलटलं.

उत्तर अगदीच खोटं नव्हतं, इटरच्या भिंती पाण्यानेच थंड करणार आहेत. पण ते अर्धवट होतं. पुढे वीज देणाऱ्या भट्ट्यांना स्वतःचं इंधन, म्हणजे ट्रिटियम, भिंतीतल्या लिथियमपासून बनवावं लागेल. तापलेल्या लिथियमशी पाण्याची गाठ पडली तर हायड्रोजन सुटतो, स्फोटाची भीती. म्हणून तिथे हेलियम वायूचा विचार होतो. तो कशाशी झटकन संयोग पावत नाही, उकळण्याचा प्रश्न नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने इटरमधल्या चाचणीसाठी मांडलेल्या आराखड्यातही पेटीची भिंत थंड करायला हेलियमच आहे, हवेच्या सुमारे ८० पट दाबाखाली. फुग्यातला हेलियम तोच बरं का.

मग यात दुसरा वायू मिसळला तर? अंतराळातल्या अणुभट्ट्यांसाठी हेलियममध्ये झेनॉन मिसळण्याचा अभ्यास झालाय. वायू जड झाला की तो दाबून फिरवणारं यंत्र लहान करता येतं. पण मिश्रणाची उष्णतावाहकता घटते. स्वस्त म्हणून आर्गॉन घ्यावा, तर न्यूट्रॉनच्या माऱ्यात तो स्वतःच किरणोत्सारी होतो. एक मिळवायला जावं तर दुसरं निसटतं.

आपण मात्र 'शीतक म्हणून ____ वापरतात' एवढ्या रिकाम्या जागेत हे सगळं कोंबतो. मला हे पटत नाही. 'पाणी' लिहिणाऱ्याला एक गुण द्या, पण 'पाणीच का?' विचारणाऱ्याला गप्प तरी करू नका. पालकांनीही घरी कुकरपासून फ्रिजपर्यंत हाच प्रश्न होऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझी चूक सांगितली, फळ्यावर तिन्ही वायू लिहिले. तीच मुलगी म्हणाली, "बाई, झेनॉन महाग असेल ना?"